वंशावळीत नसलेला मोतद्दार

एखाद्यावर आपण माया करतो ती त्याच्या अंगच्या गुणांमुळे, की त्या गुणांचा कोणाला पत्ताही नसतो तेव्हापासूनच, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. संसारात मुरलेला माणूस म्हणेल की दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असतात आणि त्यावर अधिक डोके चालवू नये. परंतु हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही. माणसे नेमणे, माणसे वगळणे, कोणाला आपले म्हणणे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवणे, या सगळ्या व्यवहारांच्या तळाशी तोच असतो. प्रस्तुत लेखकास तो अलीकडे पुन्हा भेटला तो तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात नव्हे, तर मुलांसाठी लिहिलेल्या एका इंग्रजी कादंबरीत. आपल्या घरांतील नातवंडे आता इंग्रजी शाळांत शिकतात, त्यांची पुस्तके घरभर पडलेली असतात, आणि आजोबांनी ती वाचू नयेत असा काही दंडक नाही.

'किंग ऑफ द विंड' हे त्या कादंबरीचे नाव. मार्गरीट हेन्री या अमेरिकन लेखिकेने ती लिहिली, वेस्ली डेनिस या चित्रकाराने तिच्यात घोड्यांची देखणी चित्रे काढली. पुस्तक १९४८ साली निघाले आणि १९४९ साली त्याला अमेरिकेतील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. हेन्रीबाईंनी आयुष्यभर बहुतेक घोड्यांवरच लिहिले. घोडा त्यांना कळत होता. माणूस किती कळत होता, याविषयी या लेखात पुढे थोडे बोलायचे आहे.

कादंबरीचा आरंभ मोठा चतुर आहे. १९२० सालच्या ऑक्टोबरात कॅनडातील विंडसर गावी दोन घोड्यांची शर्यत झाली. एक सर बार्टन, आदल्याच वर्षी अमेरिकेतील तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेला. आणि दुसरा मॅन ओ' वॉर, एकवीस शर्यतींपैकी वीस जिंकलेला, अमेरिकेच्या लोकांचा अक्षरशः लाडका. मॅन ओ' वॉर सहज जिंकला. मग सर्वांना वाटले की आता हा घोडा इंग्लंडात न्यूमार्केटला जाणार आणि तिथल्या घोड्यांना हरवून आपले श्रेष्ठत्व सिद्ध करणार. मालक रिडल यांनी नकार दिला. घोड्याला आता विश्रांती द्यायची, असे त्यांनी ठरवले. कादंबरीत हा नकार समजावून सांगण्यासाठी ते त्याच्या एका दोनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाची गोष्ट सांगतात, आणि ती गोष्ट हीच कादंबरी. म्हणजे ज्याला आता काही सिद्ध करण्याची गरज उरली नाही अशा घोड्यापासून आपण निघतो, आणि ज्याला काहीच सिद्ध करू दिले गेले नाही अशा घोड्यापाशी येऊन पोहोचतो.

मोरोक्कोचा सुलतान मौलाय इस्माइल याच्या मेकनेस येथील पागेत अग्बा नावाचा एक पोरका पोर मोतद्दारी करतो. तो जन्माचा मुका आहे. रमजानच्या महिन्यात त्याच्या देखरेखीखालची घोडी एका शिंगराला जन्म देते आणि थोड्याच दिवसांत मरते. शिंगराच्या अंगावर दोन खुणा आहेत. मागच्या एका पायाच्या टाचेवर पांढरा ठिपका, तो वेगाचे लक्षण. आणि छातीवर केसांचा गव्हाच्या ओंबीसारखा भोवरा, तो अपशकुनाचा. पागेचा मुख्य ती ओंबी पाहून तलवार उपसतो. मुका पोर टाचेवरच्या ठिपक्याकडे बोट दाखवतो आणि शिंगरू वाचते. उंटिणीचे दूध आणि मध यांवर ते वाढते. अग्बा त्याला शाम म्हणतो. अरबीतील सूर्य या अर्थाच्या शब्दावरून ते नाव घेतले आहे. आपल्या कानांना मात्र ते श्यामच ऐकू येते, आणि त्याला इलाज नाही.

मराठी वाचकाला हा भोवऱ्याचा भाग परका वाटणार नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अश्वलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि घोड्याच्या अंगावर कोठे आवर्त असला म्हणजे शुभ आणि कोठे असला म्हणजे अशुभ, याची त्यात मोजदाद आहे. ही विद्या ग्रंथांतच राहिली असेही नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक आजही घोड्याचे दात आणि पाय पाहते तसेच भोवरेही पाहते. देवमण असलेल्या घोड्याला मालक वाढीव भाव सांगतो. चांगल्या चालीचे जनावर केवळ नको त्या जागी भोवरा आहे म्हणून निम्म्या किमतीत गेल्याच्या कथा घोडेवाल्यांच्या तोंडून ऐकायला मिळतात. मेकनेस काय आणि तापीकाठ काय, जन्मखुणेवरून न्याय करण्याची माणसाची हौस सारखीच. आणि ती हौस घोड्यांपुरती राहिलेली नाही, हे वेगळे सांगायला नको.

पुढची कथा वनवासाची आहे. सुलतान सहा घोडे फ्रान्सचा बालराजा पंधरावा लुई याला नजराणा म्हणून पाठवतो. प्रत्येक घोड्याबरोबर एक पोर, आणि हुकूम असा की घोडा जिवंत असेपर्यंत पोराने त्याच्यापाशी राहावे, घोडा मेल्यावर परत यावे. जहाजाचा कप्तान दाण्याचे पैसे खातो. घोडे हाडांचे सापळे होऊन पोहोचतात आणि दरबार त्यांना हसतो. सुलतानाचा नजराणा असलेला शाम मुदपाकखान्याच्या गाडीला जुंपला जातो, तेथून पॅरिसच्या एका लाकूडगाडीवाल्याकडे जातो आणि चाबकाखाली कोसळतो. जेथ्रो कोक नावाचा एक दयाळू क्वेकर त्याला विकत घेऊन इंग्लंडात नेतो. तेथे कोकचा जावई घोड्यावर टिकत नाही, म्हणून घोडा रॉजर विल्यम्स या खानावळवाल्याकडे. शेवटी केंब्रिजजवळच्या गॉग मॅगॉग टेकड्यांत अर्ल ऑफ गोडॉल्फिन यांच्या पागेत तो येतो, पण तोही मानाने नव्हे. रोक्साना नावाची उमदी घोडी ज्या हॉबगॉब्लिनसाठी आणलेली असते त्या घोड्याशी शाम झुंजतो आणि तिला जिंकतो. याची शिक्षा म्हणून घोडा आणि पोर दोघांची रवानगी विकन फेनच्या दलदलीत होते. दोन वर्षे ते तेथे राहतात. इकडे रोक्सानाला झालेले शिंगरू लॅथ एके दिवशी सर्वांच्या पुढे धावते, आणि मग शामला सन्मानाने परत आणले जाते. न्यूमार्केटच्या शर्यतीत त्याच्या पोटचे घोडे जिंकतात. कालांतराने शाम मरतो आणि अग्बा मोरोक्कोला निघून जातो.

येथपर्यंत कोणालाही आवडावी अशी गोष्ट. मलाही आवडली; विकन फेनचे प्रकरण तर मी दोनदा वाचले. तथापि पुस्तक मिटल्यावर एक कुसळ मनात राहिले. अग्बा बरोबर होता हे आपल्याला कशावरून कळते? शामचे वंशज शर्यती जिंकले यावरून. मग समजा, रोक्सानाला झालेले शिंगरू मंद निघाले असते. समजा, शाम पॅरिसच्या त्या लाकूडगाडीखालीच मेला असता. असे किती घोडे त्या शतकात पॅरिसच्या रस्त्यांवर मेले असतील. त्यांच्यापैकी एकाही घोड्याचा पूर्वज कोणता आणि वंशज कोणते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्यांतल्या एखाद्याच्या मानेला मिठी मारून बसलेला एखादा पोर चूक होता काय? कादंबरीचे शेवटचे प्रकरण या प्रश्नाला उत्तर देत नाही. ते त्याच्यावर विजयाचा हार घालून त्याला झाकून टाकते. गाडीला जुंपलेला घोडा मुळात राजघोडा होता, म्हणून त्याला मारणे अन्याय, असा अर्थ नकळत मुलांच्या मनात उतरतो. मग जो मुळात गाडीचाच घोडा आहे त्याचे काय?

बालसाहित्यात हा साचा फार जुना आहे. कुरूप म्हणून हिणवलेले पिल्लू राजहंस निघते. झाडलोट करणारी पोर राणी होते. दीनाचा कैवार घ्यायचा, पण तो दीन शेवटी दीन नव्हताच असे दाखवायचे. यात सोय अशी की वाचकाला करुणेचे समाधानही मिळते आणि जगाची उतरंडही होती तशी राहते. आपल्या पुराणांतही हे पुष्कळ आहे. दारी आलेला भिक्षेकरी देव निघतो, म्हणून अतिथीला जेवू घालावे. परंतु जो भिक्षेकरी खरोखर भिक्षेकरीच असतो, तोही भुकेलेलाच असतो.

महाभारताने मात्र येथे एक वेगळे काम केले आहे, आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही असे मला वाटते. महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत एकेक पडतात. युधिष्ठिर थांबत नाही. शेवटी त्याच्यामागे उरते ते एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चल म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो. इंद्र बोचरा प्रश्न विचारतो की भावांना आणि पत्नीला टाकलेस, मग या कुत्र्याला का टाकत नाहीस? युधिष्ठिराचे उत्तर कोरड्या तर्काचे आहे. ते मेले होते, त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते. हे जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आलेले आहे. यानंतर कुत्रे धर्मराजाच्या रूपात प्रकट होते. म्हणजे साचा येथेही तोच, कुत्रे शेवटी कुत्रे राहत नाही. पण व्यासांनी क्रम सांभाळला आहे. नकाराच्या क्षणी युधिष्ठिराजवळ ते धर्म असल्याची एकही खूण नाही. टाचेवर पांढरा ठिपका नाही, छातीवर ओंबी नाही. त्याच्या उत्तरात कुत्र्याच्या थोरपणाबद्दल अवाक्षर नाही. कुत्रे अखेरपर्यंत कुत्रेच राहिले असते तरी ते उत्तर उणे झाले नसते, आणि मागाहून झालेल्या साक्षात्काराने त्यात काही भरही पडत नाही.

या कसोटीवर अग्बा कोठे बसतो? हेन्रीबाईंनी त्याच्या हाती टाचेवरचा ठिपका दिला, ही माझ्या मते कादंबरीची खरी दुबळी जागा. त्यामुळे सारा वेळ असा भास राहतो की पोराला भविष्य ठाऊक आहे आणि तो ते खरे होण्याची वाट पाहत आहे. वाट पाहणे आणि माया करणे यांत फरक आहे. गुंतवणूकदारही वाट पाहतो.

पण पुस्तक त्याच्या योजनेपेक्षा मोठे आहे. त्यात काही पाने अशी आहेत की जेथे ठिपक्याचा काही उपयोग उरत नाही. विल्यम्सच्या खानावळीचे प्रकरण घ्या. येथे एक आक्षेप आधी विचारात घेतला पाहिजे, कारण तो गंभीर आहे. अग्बाला घोड्याचा मित्र म्हणणे कितपत बरोबर? तो सुलतानाचा बांधील सेवक आहे. घोडा जिवंत असेपर्यंत त्याच्यापाशी राहण्याचा त्याला हुकूम आहे. त्याच्या आयुष्याचे माप घोड्याच्या आयुष्याने ठरवून टाकलेले आहे. ज्याला सोडून जाण्याची मुभा नाही त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणावे काय? सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रश्न चांगला समजतो. हुकूम पाळणाऱ्याला वरिष्ठ एकनिष्ठ म्हणतात. त्याच्या मनात काय आहे हे कोणी विचारीत नाही, आणि पुष्कळदा तोही स्वतःला विचारीत नाही. गुलामगिरीला प्रेमाचे गोंडस नाव देणारी पुस्तके जगात थोडी नाहीत, आणि हेही त्यांतलेच एक आहे असे कोणी म्हटले तर त्याला एकदम खोडून काढता येणार नाही.

तथापि खानावळीत एक गोष्ट घडते. मालकीण अग्बाला हाकलून देते. आता घोडा एकीकडे आणि पोर दुसरीकडे. हुकूम देणारा सुलतान समुद्रापलीकडे. इतिहासातला मौलाय इस्माइल तर १७२७ सालीच वारला होता. हुकूम मोडला तर विचारणारे कोणी नाही, पाळला तर पाहणारे कोणी नाही. भाषा येत नाही. आली असती तरी वाचा नाही. पोर कोठेही जाऊ शकला असता. तो रात्री भिंत ओलांडून घोड्याला भेटायला येतो, चोर म्हणून पकडला जातो आणि न्यूगेटच्या तुरुंगात पडतो. त्या भिंतीच्या अलीकडे त्याची मोतद्दारी संपते. पलीकडे जे आहे त्याला हुकूमही नाही आणि भविष्यही नाही, कारण खानावळीच्या तबेल्यात बांधलेल्या बदनाम घोड्याला कसले भविष्य? मला विचाराल तर ही कादंबरी येथेच सार्थ झाली; न्यूमार्केटची शर्यत तिला लागत नव्हती.

आता थोडे इतिहासाविषयी, कारण कादंबरी स्वतःला ऐतिहासिक म्हणवते. हा घोडा खरोखर होऊन गेला. गोडॉल्फिन अरेबियन या नावाने तो प्रसिद्ध आहे. जगातील सर्व थरोब्रेड घोड्यांचे पितृवंश ज्या तीन घोड्यांपर्यंत मागे नेता येतात त्यांपैकी तो एक; दुसरे दोन म्हणजे बायर्ली टर्क आणि डार्ली अरेबियन. त्याचा जन्म साधारण १७२४ चा. तो मोरोक्कोचा नव्हता. बहुधा ट्युनिसच्या बेकडून तो फ्रान्सच्या राजाकडे गेला. त्याला इंग्लंडात आणणारा एडवर्ड कोक हा डर्बीशायरमधील लॉंगफर्डचा जमीनदार होता. १७३३ साली कोक वारल्यावर घोडा रॉजर विल्यम्सकडे आणि त्याच्याकडून अर्ल गोडॉल्फिनकडे आला. तो १७५३ साली नाताळच्या दिवशी मेला. वॉंडलबरी येथे तबेल्याच्या कमानीखाली त्याला पुरले आहे आणि वर लेख कोरलेली शिळा आहे. पॅरिसच्या गाडीची कथा हा इतिहास नव्हे. ती एकोणिसाव्या शतकात यूजीन स्यू या फ्रेंच कादंबरीकाराने लोकप्रिय केली, आणि मुक्या सेवकाचे पात्रही त्याच्याकडे सापडते. तो घोडा अरबी की उत्तर आफ्रिकेतील बार्ब जातीचा, यावरही पंडितांत वाद झाले. नाव पाहा: पहिला शब्द मालकाचा, दुसरा तर्काने ठरवलेल्या मुलखाचा. परदेशातून आलेल्याला जे नाव मिळते ते बहुधा असेच असते. आता तर दुबईच्या राज्यकर्त्यांनी आपल्या जगप्रसिद्ध पागेला गोडॉल्फिन हेच नाव दिले आहे. अरबी म्हणवला गेलेला घोडा इंग्रज अर्लाचे नाव पाठीवर घेऊन अरबस्तानात परत गेला, असे म्हणायचे.

तेव्हा अग्बा काल्पनिक. परंतु काल्पनिक म्हणजे खोटा काय? महसूल खात्यात आयुष्य गेल्यामुळे मला नोंदवह्यांची सवय आहे. इंग्रजांनी थरोब्रेड घोड्यांची वंशावळ १७९१ पासून जनरल स्टड बुक या ग्रंथात छापायला घेतली. आपल्या खसरा-खतौनीसारखेच ते काटेकोर काम आहे: बाप कोण, आई कोण, रंग कोणता, पैदास कोणाची. त्यातही आरंभीच्या कित्येक घोड्यांना स्वतःचे नाव नाही, अमक्या घोड्याची लेक एवढीच त्यांची ओळख, हेही आपल्या जुन्या कुळवृत्तांतांसारखेच. पण या वहीत एक रकानाच नाही. घोड्याला खरारा कोणी केला, चंदी कोणी चारली, पोट फुगले तेव्हा रात्रभर त्याला फिरवीत कोण राहिला, याचा रकाना नाही. ट्युनिसपासून केंब्रिजपर्यंत घोडा एकटा चालत गेला नाही. जहाजावर, धर्मशाळेत, तबेल्यात त्याच्याजवळ कोणीतरी होतेच. एक नसेल, पाच-दहा असतील. ते इतके निश्चित आहे की पुराव्याची गरज नाही, आणि त्याचा पुरावा शोधू गेल्यास एक ओळ मिळत नाही. हेन्रीबाईंनी त्या रिकाम्या जागी एक मुका पोर उभा केला. त्याला मुका करण्यात कदाचित त्यांनी सोय पाहिली असेल. मला त्यात नोंदवहीच्या कारभाराचे अचूक चित्र दिसले. ज्याची जबानी कोणी घेणार नाही तो बोलू शकत होता की नाही, याने वहीला काय फरक पडतो?

परक्या मुलखात आलेल्यांची गोष्ट आपल्या मंडळींना जरा जास्तच जवळची वाटते, हे कबूल केले पाहिजे. आपले पूर्वज शिंद्यांच्या, होळकरांच्या, पवारांच्या पागांबरोबर भीमथडीच्या तट्टांवर बसून इकडे आले. दोनशे वर्षे उलटली तरी गल्लीत आपण 'दक्षिणी'च, आणि पुण्याला गेलो की आपले मराठी ऐकून समोरचा विचारतो, आपण कुठले? घोडा स्वतःचा असेल तर शिलेदार आणि सरकारचा असेल तर बारगीर, हा फरक आपल्या घरांत अजून अभिमानाने सांगितला जातो. पणजोबा शिलेदार होते असे सांगणारे मला पुष्कळ भेटले. पणजोबा मोतद्दार होते असे सांगणारा अजून भेटायचा आहे. संख्येचा हिशेब पाहता तो भेटायला हवा होता.

आमच्या ग्वाल्हेरच्या इतिहासात या प्रश्नाचे एक जिवंत उदाहरण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा रणसंहार झाला. तरुण महादजी शिंदे जीव घेऊन निघाले. एका अफगाण स्वाराने त्यांचा दूरवर पाठलाग केला. दख्खनी घोडी थकून कोसळली, पायावर घाव बसला आणि ते निपचित पडून राहिले, अशी हकीकत सांगितली जाते. तेथून राणेखान नावाच्या पखालवाल्या भिश्त्याने त्यांना उचलले आणि आपल्या पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेत सुखरूप पोहोचवले. महादजींनी ते ऋण विसरले नाही. राणेखानाला त्यांनी भाऊ मानले, सरदारकी दिली, सैन्याचे सेनापतिपद दिले. इतिहासात तो राणेखान भाई म्हणूनच ओळखला जातो.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो ती महादजींच्या कृतज्ञतेची म्हणून. ती कृतज्ञता थोरच. पण कथा बैलाच्या बाजूने पाहिली तर वेगळी दिसते. त्या संध्याकाळी भिश्त्याने जे शरीर उचलले ते रक्तमातीने माखलेले, वस्त्रे लुटली गेलेले, एका पायाने निकामी झालेले होते. पुढे दिल्लीच्या बादशहाचा वकील-इ-मुतलक होणारा पुरुष त्यात कोठेही दिसत नव्हता. आणि त्या माळावर राणेखान एकटाच भिश्ती असेल असेही नाही. दुसऱ्याही कोणी दुसऱ्या कोणाला उचलले असेल. तो जखमी चार कोसांवर मेला असेल, किंवा घरी पोहोचून पुढे नांगर धरीत सामान्य माणसासारखा म्हातारा झाला असेल. त्या भिश्त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याच्या हातून घडले ते राणेखानाच्या कृत्यापेक्षा हलके होते, असे कोणत्या तराजूने म्हणता येईल? तसा तराजू आपण रोज वापरतो हे मात्र खरे. यश आले म्हणजे आधीची माया दूरदृष्टी ठरते; आले नाही म्हणजे भाबडेपणा.

आमच्या चर्चामंडळात हा विचार मी मांडला तेव्हा एका स्नेह्यांनी हरकत घेतली. ते म्हणाले, फळ न पाहता केलेल्या प्रेमाची तुम्ही एवढी महती गाता, पण समाजाने साधने कोणावर खर्चावी हे ठरवायला फळच पाहावे लागते. दोन शिंगरांपुरते दूध नसेल तर कोणाला पाजाल? हरकत रास्त आहे. पागेच्या अधिकाऱ्याला निवड करावीच लागते आणि ती गुणांवर केली तर त्यात पाप नाही. तलवार उपसणारा पागेचा मुख्य दुष्ट नव्हता. तो आपल्या समजुतीप्रमाणे पागेचे हितच पाहत होता. अडचण इतकीच की त्याचा गुणांचा ताळेबंद छातीवरच्या केसांवर मांडलेला होता, आणि तोही शिंगरू चार पायांवर नीट उभे राहण्याआधी. आपले आजचे ताळेबंद त्याहून शहाणे आहेत असे आपण मानतो. त्यानेही तेच मानले होते. शिवाय निवड करणाऱ्याचे काम एक आणि जवळ राहणाऱ्याचे काम दुसरे. पागेला दोघेही लागतात, पण पहिल्याच्या कसोट्या दुसऱ्याला लावू लागलो की आजारी मुलाशी आई हिशेबाने वागेल अशी अपेक्षा ठेवण्यासारखे होते.

दोन शिंगरांच्या दुधाचा दाखला देताना त्या स्नेह्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. कादंबरीतली उंटिणीच्या दुधाची कथा कल्पित, पण खऱ्या इतिहासात तिचा जोड सापडतो. रोक्साना ही घोडी खरी. लॅथनंतर १७३४ साली तिला गोडॉल्फिन अरेबियनपासून दुसरे शिंगरू झाले आणि थोड्याच दिवसांत ती मेली. त्या शिंगराचे नाव केड. तो गाईच्या दुधावर वाढला. लॅथसारखा तो शर्यतीत चमकला नाही, पण त्याचा मुलगा मॅचेम, १७४८ चा. आणि मॅचेमपासून बापाकडून मुलाकडे एकेक पायरी मोजत खाली आले म्हणजे १९१७ साली केंटकीत जन्मलेला मॅन ओ' वॉर. कादंबरी ज्याच्या विजयाने सुरू होते तो. सारा पितृवंश या आईवेगळ्या शिंगरावरून गेलेला आहे.

नवजात शिंगराला गाईचे दूध पाजणे सोपे नसते. घोडीचे दूध पातळ आणि गोडसर. गाईचे जसेच्या तसे दिले तर पोट बिघडते, म्हणून त्यात पाणी घालून बेताने द्यावे लागते. शिंगरू पहिले काही आठवडे दिवसा-रात्री तास-दोन तासांनी पिते. त्याला भांड्यातून प्यायला शिकवण्यासाठी दुधात बुडवलेली बोटे त्याच्या तोंडात द्यावी लागतात. गॉग मॅगॉगच्या टेकड्यांत १७३४ च्या त्या रात्री गार वारा असेल. केड जगेल की नाही हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि जगला तरी काय निघेल हे त्याहून ठाऊक नव्हते. स्टड बुकात त्याचा बाप लिहिलेला आहे, आई लिहिलेली आहे, दूध गाईचे होते हेही कोणीतरी लक्षात ठेवले. बोटे कोणाची होती ते लिहिलेले नाही.